रेंगाळणाऱ्या फायलीची नाडीपरीक्षा

‘लाइन स्लो आहे’ हे वाक्य सरकारी रुग्णालयात दिवसातून किती वेळा उच्चारलं जातं, याची मोजदाद कोणी केलेली नाही. केसपेपर काढायच्या खिडकीवर ते ऐकू येतं, रक्ताच्या रिपोर्टसाठी ताटकळलेल्या माणसांना ऐकवलं जातं. तिथे फार बिघडत नाही. माणसं कुरकुरतात आणि थांबतात. पण पक्षाघाताचा रुग्ण उपजिल्हा रुग्णालयात आहे, त्याचा सीटी स्कॅन झालेला आहे, तो बघणारा तज्ज्ञ दीडशे किलोमीटरवरच्या मोठ्या रुग्णालयात संगणकासमोर बसलेला आहे आणि प्रतिमा मधल्या वाटेत अडकून पडल्या आहेत, अशा वेळी हेच वाक्य जिवावर बेततं.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, तर ती विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी पाहून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते, कारण रक्तस्राव असताना हेच औषध दिलं तर रुग्ण दगावू शकतो. जेफ्री सेव्हर या अमेरिकी न्यूरोलॉजिस्टनी २००६ मध्ये मांडलेला हिशेब आम्ही विद्यार्थ्यांना आजही सांगतो: मोठी रक्तवाहिनी बंद पडून झालेल्या पक्षाघातात उपचार मिळेपर्यंत दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. आता तालुक्याच्या गावची गोष्ट बघा. पहाटे हात लुळा पडल्याचं घरच्यांच्या लक्षात येणार, मग गाडी शोधणार, मग रुग्णालय. साडेचारपैकी दोन-तीन तास तिथेच संपलेले असतात. उरलेल्यातला अर्धा तास फाइल पोहोचण्यात घालवणं कोणाला परवडणार आहे?

मी फिजिशियन आहे. संगणकाचं शिक्षण माझं नाही. पण या रेंगाळण्याचं निदान ज्या पद्धतीने होतं, ती पद्धत मला अगदी घरची वाटते. ‘लाइन स्लो आहे’ ही ‘अंगात कसकस आहे’ यासारखी तक्रार आहे. ताप हे लक्षण असतं. मागे मलेरिया असेल, टायफॉइड असेल, क्षय असेल, नुसतं पडसंही असेल. ताप दिसला की अँटिबायोटिक लिहून देणारे डॉक्टर आपल्याकडे कमी नाहीत. त्याचप्रमाणे फाइल रेंगाळली की ‘मोठा प्लॅन घ्या’ हे एकच औषध सगळीकडे दिलं जातं. कधी लागू पडतं, बऱ्याचदा पडत नाही.

आमच्याशी जोडलेल्या एका लहान रुग्णालयात असंच झालं होतं. तिथून डोकं आणि मानेच्या रक्तवाहिन्यांचा सीटी अँजिओ आला की आमच्या स्क्रीनवर तो पूर्ण उतरायला अर्धा तास लागे. इकडून आम्ही फोन करायचो, तिकडून तंत्रज्ञ सांगायचा, “सर, पाठवलंय, जातंय हळूहळू.” तक्रारी झाल्या, कागद वर गेले, मंजुरी आली आणि २० मेगाबिटची लाइन १०० मेगाबिटची झाली. दुसऱ्या दिवशी सीटी पाठवला. अर्धा तास!

इथे थोडं गणित करायला हवं, कारण ते कोणीच केलेलं नव्हतं. सीटीचा एक छेद म्हणजे ५१२ गुणिले ५१२ ठिपके, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट. म्हणजे एक प्रतिमा अर्ध्या मेगाबाइटची. अशा हजार प्रतिमांचा अभ्यास साधारण ५०० मेगाबाइटचा होतो. लाइनचा वेग मात्र मेगाबिटमध्ये सांगतात आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. मिलिग्रॅम आणि मिलिलिटरमध्ये गोंधळ झाला की डोस चुकतो, तसा इथे आठपटीचा फरक पडतो. ५०० मेगाबाइट म्हणजे ४००० मेगाबिट. २० च्या लाइनवर हे जायला २०० सेकंद लागावेत, म्हणजे साडेतीन मिनिटांच्या आत. १०० च्या लाइनवर ४० सेकंद. प्रत्यक्षात दोन्ही वेळा अर्धा तास लागला. औषधाचा डोस पाचपट वाढवला आणि तापाचा आलेख जराही हलला नाही, तर आपण औषध आणखी वाढवतो की निदानाचा फेरविचार करतो?

फेरविचार केला तो संगणक विभागातल्या एका तरुण अभियंत्याने. मला त्याचं कौतुक वाटलं ते त्याच्या प्रश्नांमुळे. कुठलंही यंत्र उघडायच्या आधी त्याने हिस्टरी घेतली. कधीपासून हळू आहे? रात्रीही तसंच का? सगळ्याच फायली हळू जातात की फक्त सीटीच्या? तिकडून इकडे येताना हळू आहे की इकडून तिकडे जातानाही? दुसऱ्या एखाद्या रुग्णालयातून आपल्याकडे नीट येतं का? मेडिसिनच्या वॉर्डात नवीन आलेल्या इंटर्नने एवढे प्रश्न विचारले, तर मी त्याला चहा पाजेन.

मग त्याने नाडी बघितली. संगणकाच्या जगात नाडी बघण्याच्या साधनाचं नाव पिंग. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या माइक मूस यांनी १९८३च्या डिसेंबरमध्ये ते लिहिलं. पाणबुडीच्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याला हे नाव पडलं. एक छोटी हाक मारायची, पलीकडून प्रतिध्वनी यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तत्त्व आपल्या सोनोग्राफीचंच. आमच्या बाबतीत प्रतिध्वनी ३५ मिलिसेकंदांत येत होता आणि एकही हाक हरवत नव्हती. नाडी उत्तम.

पण नाडी उत्तम असणं म्हणजे प्रकृती उत्तम असणं नव्हे. अंजायनाच्या रुग्णाचा बसल्या जागी काढलेला ईसीजी अनेकदा अगदी निर्मळ असतो. ट्रेडमिलवर चालवल्यावर दुखणं बोलू लागतं. पिंगची हाक काही मोजक्या बाइटांची असते. लाइनला दम लागतो का ते पाहायचं तर तिला पळवावं लागतं. त्यासाठी आयपर्फ नावाचं साधन आहे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ते नुसता माहितीचा लोट सोडतं. डिस्कवरून काही वाचायचं नाही, डिस्कवर काही लिहायचं नाही, त्यामुळे जो आकडा मिळतो तो निव्वळ वाटेचा असतो. आमच्या लाइनने ट्रेडमिलवर ९० मेगाबिट दिले. म्हणजे जिच्यावर सगळे खापर फोडत होते, ती लाइन ठणठणीत होती.

मग त्याने एक साधा प्रयोग केला. त्याच हजार प्रतिमांचं एक गाठोडं बांधून, म्हणजे झिप करून, एकच फाइल पाठवली. ती मिनिटाच्या आत आली. त्याच प्रतिमा सुट्या पाठवल्या की अर्धा तास. “सर, दुखणं रस्त्यात नाही, जकात नाक्यावर आहे,” असं तो म्हणाला.

सीटी, एमआरआयच्या प्रतिमा जगभर ‘डिकॉम’ या मानकाने पाठवतात. रेडिओलॉजिस्टांची अमेरिकी संघटना आणि यंत्र-उत्पादकांची संघटना यांनी त्याची पहिली आवृत्ती १९८५ मध्ये काढली. डिकॉम हे नाव १९९३ मध्ये आलं. त्यात पाठवण्याची सर्वसाधारण रीत अशी असते: एक प्रतिमा पाठवायची, पलीकडचा संगणक ती घेऊन ‘मिळाली’ असं कळवतो, मगच पुढची पाठवायची. रजिस्टर पत्राची पोचपावती हातात आल्याशिवाय दुसरं पत्र पेटीत टाकायचं नाही, असा हा शिरस्ता. पावतीसाठी न थांबता पुढे पाठवत राहण्याची सोय मानकात आहे, पण ती दोन्ही टोकांच्या यंत्रांना मान्य असावी लागते, आणि बऱ्याच यंत्रांत ती नसते.

हजार पावत्या, प्रत्येकीला १.८ सेकंद, म्हणजे अर्धा तास. यातला लाइनवरचा प्रवास जेमतेम एक दशांश सेकंदाचा. उरलेला वेळ आमच्याच बाजूला जात होता! येणारी प्रत्येक प्रतिमा आमच्या सर्व्हरवरचा अँटिव्हायरस उघडून तपासत होता, मग ती एका म्हाताऱ्या डिस्कवर लिहिली जात होती, मग यादीत नोंद, आणि त्यानंतर पावती. शंभर वाक्यांचं तात्पर्य एवढंच की लाइन तिकडची बदलली, आजार इकडे होता. डिस्क बदलली, तपासणीची व्यवस्था सुरक्षा बघणाऱ्यांच्या संमतीने अशी लावली की पावती आधी जावी आणि तपासणी मागाहून व्हावी, आणि प्रतिमा एका रांगेऐवजी चार रांगांतून येऊ लागल्या. वेळ तीन मिनिटांच्या आसपास आला. नवी लाइन तशीच आहे. तिचं बिल दर महिन्याला येतं.

हे झालं एका रुग्णाचं. तक्रार तीच असली तरी दुसऱ्या ठिकाणी आजार वेगळा निघतो, आणि त्यातला एक तर आम्हा डॉक्टरांना विशेष जवळचा आहे.

हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं? एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त गुणिले मिनिटाचे ठोके. ७० मिलिलिटर गुणिले ७२, म्हणजे सुमारे पाच लिटर. महाधमनी कितीही रुंद असली तरी ठोक्याला ७० मिलिलिटरच निघत असेल आणि ठोके मिनिटाला दहाच पडत असतील, तर माणूस जगणार नाही. फायलींचं अगदी असंच आहे. इंटरनेटवर माहिती नेणारा मुख्य नियम टीसीपी. त्याची कल्पना व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडली आणि १९८१ मध्ये ती मानक म्हणून पक्की झाली. पाठवणाऱ्याने पावती न येता एका वेळी जास्तीत जास्त किती माल सोडायचा, याला त्यात ‘विंडो’ म्हणतात. तो झाला एका ठोक्याचा माल. हाक जाऊन पावती परत येण्याच्या फेरीला जेवढा वेळ लागतो, त्यावर ठोक्यांची गती ठरते. या दोहोंचा गुणाकार म्हणजे प्रत्यक्ष वेग. लाइनची रुंदी ही महाधमनी. ती फक्त वरची मर्यादा सांगते.

१९८१ च्या मानकात ही विंडो फार तर ६५,५३५ बाइटांची असू शकत होती. त्या काळी हा आकडा प्रचंड वाटला असणार. आता भूस्थिर उपग्रहावरून जाणारी लाइन घ्या. इस्रोने २००१ पासून टेलिमेडिसिनसाठी दूरची रुग्णालयं अशा उपग्रहांनी मोठ्या रुग्णालयांना जोडायला सुरुवात केली. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. हाक वर जाणार, खाली येणार, पावती पुन्हा वर आणि पुन्हा खाली. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा ही फेरी अर्ध्या सेकंदाची होते. म्हणजे सेकंदाला दोनच ठोके. ६५,५३५ बाइट गुणिले दोन, म्हणजे जेमतेम एक मेगाबिट. लाइन दहाची असो की शंभरची, एका फायलीला एकच मिळणार. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे जमिनीवरचं अंतर एवढं छळत नाही. तरी मुंबईहून अमेरिकेतल्या सर्व्हरला फाइल पाठवताना फेरी २०० मिलिसेकंदांच्या घरात जाते आणि जुन्या विंडोने वेग अडीच मेगाबिटच्या आसपास अडकतो. प्रकाशाला जास्त जोरात पळ असं सांगता येत नाही. ठोके वाढत नाहीत, तेव्हा ठोक्यामागचा माल वाढवायचा.

तशी दुरुस्ती १९९२ मध्येच मानकात झाली आहे आणि आजचे संगणक ही विंडो आपोआप हवी तेवढी मोठी करतात. मग हा आजार मी कशाला सांगतोय? कारण रुग्णालयातली यंत्रं म्हातारी असतात. सीटीचं यंत्र बारा-पंधरा वर्षं चालतं आणि त्याच्या कन्सोलवर खरेदीच्या वेळची विंडोज तशीच असते. विंडो आपोआप वाढवण्याची सोय विंडोजमध्ये व्हिस्टापासून आली. एक्सपीत ती नव्हती. कन्सोलला हात लावला तर कंपनीची हमी जाते म्हणून कोणी लावत नाही, आणि ते एका अर्थी बरोबरही आहे. अशा ठिकाणी कन्सोलने आपल्याच इमारतीतल्या एका नव्या संगणकाकडे प्रतिमा सोपवायच्या आणि लांबचा पल्ला त्या नव्याने गाठायचा, ही युक्ती स्वस्त आणि गुणकारी आहे. खोलीतल्या खोलीत फेरी एका मिलिसेकंदाच्या आत होते, तिथे जुनी विंडोही पुरते.

यात एक गुंता असा की विंडोच्या आत आणखी एक विंडो असू शकते. सुरक्षित रीतीने फायली पाठवणाऱ्या एसएसएचमध्ये त्याची स्वतःची वेगळी मर्यादा असते; पूर्वी ती इतकी तोकडी होती की पिट्सबर्गच्या सुपरकॉम्प्युटिंग केंद्रातल्या लोकांनी ती वाढवलेली वेगळी आवृत्ती तयार केली. माइट्रल झडप रुंद केली आणि एओर्टिक झडप अरुंदच राहिली, तर रुग्णाचा दम कमी होत नाही.

आता दोन आजार, ज्यांची हिस्टरी ऐकूनच अनुभवी माणूस निदान सांगतो.

पहिला गिळण्याचा. पाणी उतरतं, पेज उतरते, भाकरीचा घास मात्र छातीत अडकतो, असं रुग्ण सांगतो तेव्हा अन्ननलिका कुठेतरी चिंचोळी झाली आहे हे आम्ही ओळखतो. नेटवर्कमध्येही असं होतं. पिंग चालतं, लॉगिन होतं, फायलींची यादी दिसते, आणि प्रत्यक्ष फाइल पाठवायला घेतली की सगळं जागच्या जागी थिजतं. माहितीचं पाकीट साधारणपणे १५०० बाइटांपर्यंत मोठं असू शकतं. वाटेत व्हीपीएनसारखा बोगदा असला की त्याच्या वेष्टनामुळे आतली जागा कमी होते. मोठं पाकीट तिथे अडतं. अडल्यावर ‘लहान पाकिटं पाठव’ असा निरोप मागे यायला हवा, पण सुरक्षेच्या नावाखाली कुणीतरी फायरवॉलमध्ये नेमके तेच निरोप बंद करून ठेवलेले असतात. पाठवणारा बिचारा तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. उपाय दोन: निरोपांची वाट मोकळी करा, किंवा घास लहान करा.

दुसरा आजार त्याहून छद्मी. केबलच्या एका टोकाला कुणीतरी ‘दोन्ही दिशांनी एकदम बोला’ असं हाताने ठरवून ठेवलेलं असतं आणि दुसरं टोक ‘समोरचा सांगेल तसं’ या बेतात असतं. समोरचा काही सांगतच नाही, तेव्हा हे टोक ‘एका वेळी एकानेच बोलायचं’ ही जुनी रीत धरतं. हलक्या कामात काही कळत नाही. भार वाढला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात, पाकिटं फुटतात आणि वेग ढासळतो. बसल्या जागी ईसीजी निर्मळ, चालताना दुखणं, असाच हा प्रकार. उपाय पाच मिनिटांचा आहे, पण केबलच्या दोन्ही टोकांना जाऊन बघायची तसदी घ्यावी लागते. दोन टोकं दोन वेगळ्या कंत्राटदारांच्या ताब्यात असली की पाच मिनिटांचे पाच महिने होतात.

पाकिटं फुटण्या-हरवण्याला टीसीपी फार मनावर घेतं. मॅथ्यू मॅथिस आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याचं साधं सूत्र दिलं. १०० मिलिसेकंदांच्या फेरीवर शंभरात एक पाकीट हरवत असेल, तर त्या सूत्राने वेग दीड मेगाबिटच्याही खाली येतो, लाइन शंभरची असली तरी. शंभरातलं एक हरवलं तर वेग एक टक्का कमी व्हावा असं आपल्याला वाटतं. इथे शंभराचे दीड होतात. शंकर छाप सिमेंटने बुजवलेला जोड, उंदराने कुरतडलेली केबल, पावसात ओलावा धरलेली पेटी, एवढंसं कारण पुरतं.

पाकीट हरवल्यावर पाठवणारा एवढा माघार का घेतो? यामागे एक खरी घटना आहे आणि ती मला फार आवडते, कारण गर्दीच्या ओपीडीत वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला ती लगेच पटते. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातली जोडणी अचानक रखडली. दोन ठिकाणांमधलं अंतर अवघं ४०० यार्डांचं. हाकेच्या अंतरावर म्हणा ना. वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. कुठलीही तार तुटलेली नव्हती, कुठलंही यंत्र बिघडलेलं नव्हतं. व्हॅन जेकबसन हे तिथले संशोधक याच्या मागे लागले. त्यांना आढळलं ते असं: गर्दीमुळे पावतीला उशीर होई, उशीर झाला की पाठवणारे माल हरवला असं समजून तोच पुन्हा पाठवत, त्याने गर्दी आणखी वाढे, आणि शेवटी तारेवरून मुख्यतः तेच तेच पुन्हा पाठवलेलं वाहत राही. ओपीडीत नंबर यायला उशीर झाला की प्रत्येक रुग्णाचा एकेक नातेवाईक दाराशी येऊन ‘आमचा नंबर कधी?’ असं विचारतो. त्यांना उत्तरं देण्यात डॉक्टरांचा वेळ जातो, नंबर आणखी लांबतो आणि आणखी नातेवाईक येतात.

जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय असा की सुरुवात थोड्या मालाने करायची, पावत्या वेळेवर येत आहेत असं दिसलं की माल वाढवत न्यायचा आणि एखादं पाकीट हरवलं की लगेच माल निम्म्यावर आणायचा. आपण मोबाइलवर जे काही बघतो-पाठवतो, ते आजही या शिस्तीमुळे एकमेकांना न चेंगरता जातं. दुष्परिणाम एवढाच की ओलसर जोडामुळे हरवलेलं पाकीट आणि गर्दीमुळे हरवलेलं पाकीट यांतला फरक त्या शिस्तीला कळत नाही. गुगलमधल्या संशोधकांनी (त्यांत जेकबसनही होते) २०१६ मध्ये बीबीआर नावाची पद्धत आणली. ती हरवण्यापेक्षा प्रत्यक्ष वेग आणि फेरीचा वेळ मोजत राहते, त्यामुळे अशा जोडावर तिचा दम टिकतो. तरीही ओलसर जोड बदलणं हाच बरा उपाय, असं माझं मत.

लहान रुग्णालयांसाठी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. काही प्लॅनमध्ये ‘शंभर’ हा आकडा डाउनलोडचा असतो आणि अपलोडचा बराच लहान. सिनेमा बघणाऱ्या घरांसाठी ते ठीक आहे. सीटी मात्र रुग्णालयातून बाहेर जातो. करार करताना बाहेर जाण्याचा वेग लेखी विचारून घ्यावा.

निदान होईपर्यंत रुग्णाचं काय? रात्री दोन वाजता पिंग आणि आयपर्फ कोण चालवणार? सीटी टेक्निशियनने एवढं तरी करावं: रक्तस्राव आहे की नाही हे ठरवणारा साध्या डोक्याचा जाड छेदांचा संच आधी पाठवावा. तीस-चाळीस प्रतिमांचा तो संच रखडलेल्या व्यवस्थेतूनही एक-दोन मिनिटांत जातो. बारीक छेदांचा अँजिओ मागून येऊ दे. पाठवण्याची यंत्रणा स्कॅन संपण्याची वाट न बघता प्रतिमा तयार होतील तशा पाठवायला लावता येते. कंपनीच्या माणसाला तसं सांगावं लागतं. कोणती फाइल केव्हा निघाली आणि केव्हा पोहोचली, याची वहीत घड्याळ बघून नोंद ठेवावी. तापाच्या तक्त्याशिवाय आम्ही राउंड घेत नाही. अभियंत्यालाही तक्ता लागतो.

प्रत्यक्षात रात्री दोन वाजता होतं काय, ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुणीतरी मॉनिटरचा मोबाइलवर फोटो काढतो आणि व्हॉट्सॲपवर टाकतो. अडलेल्या वेळी ठळक रक्तस्राव त्यात ओळखू येतो, ते मी नाकारणार नाही. पण मूळ प्रतिमेत करड्या रंगाच्या सुमारे चार हजार छटा असतात आणि फोटोत उरतात फार तर २५६. पक्षाघाताच्या पहिल्या तासांतला बदल हा शेजारशेजारच्या छटांमधला बारीक फरक असतो. तो बघायला मूळ प्रतिमेवर छटांचा पट्टा अरुंद करत न्यावा लागतो. फोटोवर ते जमत नाही. शिवाय कोपऱ्यात रुग्णाचं नाव आणि वय छापलेलं असतं, आणि ग्रुपमध्ये माणसं शंभर.

रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवायचं ठरलंच, तर सीडी बरोबर द्यावी. ७०० मेगाबाइटची सीडी दीड तासाच्या अँब्युलन्स-प्रवासातून आली, तर तो वेग एक मेगाबिटच्या आसपास भरतो, म्हणजे जुन्या उपग्रहाच्या लाइनइतका. फक्त निघण्याआधी फोन करून एक विचारून घ्यावं: तिकडच्या नव्या संगणकांना सीडी घालायची खाच आहे का? नसेल तर पेनड्राइव्ह.